खालचे बारा कॉलम

४ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

काल संध्याकाळी पोचले. पाठ धरली आहे, आवाज बसला आहे, आणि ऑफिसात माझ्या टेबलावर फायलींचा असा ढीग आहे की भूकंप तुमच्याकडे नाही, इथेच झाला असावा. तरी सगळ्यात आधी तुम्हाला लिहायला बसले. फोन आता लागतात हे मला माहीत आहे. पण फोनवर तुम्ही "बरं वहिनी, बरं वहिनी" म्हणून मोकळे होता आणि मग करता ते स्वतःच्याच मनाचं. कागद निदान उशाशी पडून राहतो.

तर मुद्द्याचं. आठ दिवसांत आमच्या टीमनं दीडशेच्या वर इमारती पाहिल्या. हिरवा कागद म्हणजे राहायला हरकत नाही, पिवळा म्हणजे फक्त सामान काढण्यापुरतं आत जा, लाल म्हणजे पाऊलही टाकू नका. तुमच्या त्या एका रस्त्यावर नऊ लाल लागले. आपल्या इमारतीला हिरवा. तो मी स्वतःच्या हातानं दारावर चिकटवला, आणि खोटं कशाला सांगू, चिकटवताना ऊर भरून आला. ड्रॉइंग माझं, बांधकाम तुमचं. तुमचे दादा आज असते तर गल्लीभर सांगत फिरले असते.

कॉलमच्या डोक्याशी ज्या भेगा दिसतात त्या प्लास्टरच्या आहेत. हातोडीनं ठोकून पाहिलं, आवाज टणक आला. तेव्हा आईंना आता तंबूतून घरी न्या. तळमजल्याच्या दोन खोल्या, एक पायरीसुद्धा चढायची नाही. त्या मैदानात किती गारठा असतो ते मी आठ दिवस सोसलं आहे. तुमची भाड्याची खोली तर पडलीच, तेव्हा तुम्हीही आईंकडेच राहा. लग्न न केलेल्या माणसानं आईच्या हातचं खावं, म्हणजे तब्येत टिकते.

उत्तर लिहा. दोन ओळी चालतील, पण "बरं वहिनी" नको.

तुमची वहिनी

१० नोव्हेंबर

वहिनी, नमस्कार.

बरं वहिनी. घ्या, लिहिलं एकदाचं, आता मोकळ्यानं बोलतो.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं आणि चूक केली. शेवटची ओळ व्हायच्या आत तिनं गाठोडं बांधायला घेतलं. मी म्हटलं, थांब, नळ अजून जोडलेला नाही. म्हणाली, बादलीनं आणीन. मी म्हटलं, न्हाणीघराची फरशी उचकटली आहे. म्हणाली, मी काय तिथे नाचणार आहे? मागच्या दाराची चौकट तिरकी झाली आहे, दार लागत नाही, असंही सांगून बघितलं. त्यावर तिनं जे उत्तर दिलं ते सुनेला लिहिण्यासारखं नाही. एकूण तुमच्या सासूबाई माझ्यावर रुसल्या आहेत.

तसा तंबूही काही वाईट नाही. आईचा दरबार भरलेला असतो. आपल्या इमारतीतली आठही बिऱ्हाडं एका रांगेत आहेत. खालच्या दुकानातले घड्याळवाले शेजारच्याच तंबूत. पेटीवर भिंग लावून बसतात आणि लोकांची भिंतीवरून पडलेली घड्याळं दुरुस्त करून देतात. आईला म्हणाले, "हातांना काम दिलं की कापत नाहीत."

जमीन अजून थरथरते, दिवसातून दोन-तीनदा. लहान पोरंही आता खेळ थांबवत नाहीत.

एक विचारायचं होतं, सहज. हिरवा लावताना कॉलमच्या आत काय आहे ते कसं कळतं? वरून तर सगळेच गोरेगोमटे. एखादा फोडून बघता का? आमची अक्कल फावड्यापुरती, म्हणून विचारलं.

तुमचा धाकटा

१४ नोव्हेंबर

भाऊजी,

ताकाला जाऊन भांडं लपवू नका. काल आईंचा फोन आला होता, घड्याळवाल्यांच्या फोनवरून. नळ चार दिवसांपूर्वीच जोडला म्हणाल्या. फरशी घड्याळवाल्यांनी बसवून दिली, दाराची चौकट वरच्या सुतारानं ठोकून सरळ केली. आणि हे सगळं सांगताना दर वाक्याला खोकत होत्या. पुढचे पाचसहा दिवस तुम्ही काय सबब सांगणार होतात तेवढं कळवा, मी आधीच उत्तर तयार ठेवते.

मला कळतंय तुम्हाला काय होतंय ते. तुम्ही घाबरला आहात. त्यात लाज कसली? दहा मिनिटं आधी चहा प्यायला बाहेर पडला नसतात तर तुम्ही त्या खोलीत होतात. अशा माणसाला छप्पर नको वाटणारच. पण तुमच्या भीतीपायी आईंना गारठ्यात ठेवू नका, आणि तुमच्याकडे बघून बाकीची बिऱ्हाडंही अडून बसली आहेत असं आई म्हणाल्या. इमारत ज्यानं बांधली तोच आत जाईना म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं?

म्हणून सोबत वेगळा कागद देते आहे. तो सगळ्यांना एकत्र बसवून मोठ्यानं वाचून दाखवा.

तुमची वहिनी

(सोबतचा कागद)

इमारतीतल्या सर्वांना,

तुम्हाला वाटतं की एवढा मोठा धक्का खाल्लेली इमारत आता थकली असेल, आणि मागून येणारे धक्के तिला सोसणार नाहीत. तुमचं वाटणं बरोबर आहे. पहिला धक्का सोसणं हे इमारतीचं अर्धंच काम असतं, उरलेलं अर्धं नंतरच्या धक्क्यांत करायचं असतं. हे धरूनच मी तळमजल्याचे बारा कॉलम आखले. कॉलममध्ये उभ्या सळया असतात आणि त्यांना आवळून धरणाऱ्या लोखंडी रिंगा असतात. मोठ्या धक्क्यात कॉलमची बाहेरची साल सुटते. ती सुटली तरी चालतं, आतला गाभा आवळलेला राहिला पाहिजे. म्हणून प्रत्येक रिंगेची टोकं, आम्ही त्यांना हूक म्हणतो, मी आत गाभ्यात वळवायला लावली आहेत. हूक नुसते काटकोनात ठेवले असते तर पहिल्या धक्क्यात काहीच कळलं नसतं. पण साल सुटली असती, मग रिंगा उघडल्या असत्या, आणि पुढच्या एखाद्या धक्क्यात कॉलम बसला असता. तसं होणार नाही, कारण हूक आत आहेत. हे काम माझ्या दिरांनी जातीनं उभं राहून करून घेतलं आहे. शंका असेल तर त्यांनाच विचारा.

१९ नोव्हेंबर

वहिनी, नमस्कार.

तुमचा कागद वाचला. रविवारी सकाळी सगळ्यांना गोळा केलं, पोरंसोरंसुद्धा आली. मी उभा राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. "माझ्या दिरांनी" या शब्दांपाशी अडखळलो, ती ओळ दोनदा वाचावी लागली. लोकांना वाटलं दादाची आठवण आली. सुतारानं मला पाणी आणून दिलं.

मग घड्याळवाल्यांनी विचारलं, "काय हो, हूक आत आहेत ना?" मी म्हटलं, "वहिनींनी लिहिलंय ना." ते हसले. म्हणाले, "झालं तर मग, इंजिनिअरबाईंनी लिहून दिलंय, आपण कोण शंका काढणारे." सगळ्यात आधी तेच उठले. संध्याकाळपर्यंत सातही बिऱ्हाडं आत गेली. घड्याळवाल्यांनी जाता जाता आईच्या खोल्यांतली खडी-मातीसुद्धा झाडून दिली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं.

आई अजून तंबूतच आहे. खोकला आहे, पण मी खाली फळ्या टाकल्या आहेत, दोन जादा पांघरुणं मिळवली आहेत. तिची काळजी करू नका.

वहिनी, तुम्ही परत एकदा येऊन जाल का? एक दिवस. खालचे कॉलम एकदा बघून घेतलेत तर बरं होईल. मला काही म्हणायचं नाही, पण एकदा या. आल्यावर बोलू. काही गोष्टी पत्रात नीट मांडता येत नाहीत.

तुमचा धाकटा

२३ नोव्हेंबर

भाऊजी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा राग आला. सात घरं आत गेली आणि माझी सासू तेवढी बाहेर. लोक काय म्हणत असतील याचा विचार केलात? आणि वर मला सांगता, परत येऊन बघा. भाऊजी, माझ्याकडे दीडशे इमारतींचे अहवाल लिहायचे पडले आहेत. रजा संपली. आणि मी जे एकदा बघितलं आहे ते पुन्हा काय बघायचं?

मनात आहे ते स्पष्टच लिहिते. दादांच्या जागी मी साइटवर यायला लागले ते तुम्हाला कधी रुचलं नाही. तोंडावर कधी बोलला नाहीत, पण मी एखादी गोष्ट सांगितली की तुम्ही मजुरांकडे बघून हसायचात ते मला दिसायचं. आजही माझ्या शब्दावर स्वतःची आई ठेवायला तुम्ही तयार नाही. बाकी सगळ्या गावानं विश्वास ठेवला, घरच्यानं नाही.

मी काल आईंशी परस्पर बोलले. येत्या रविवारी त्या घरी जाणार आहेत. घड्याळवाले त्यांचं सामान उचलायला येणार आहेत. तुम्ही मध्ये पडू नका.

वहिनी

२७ नोव्हेंबर

वहिनी, नमस्कार.

आईला परवा डॉक्टरांकडे नेलं होतं. तळमजल्याची ओल छातीला बाधेल, महिनाभर तिथे राहू नका, असं त्यांनी सांगितलं आहे. त्यामुळे रविवारचं रहित केलं. घड्याळवाल्यांनाही तसं सांगितलं.

मी मजुरांकडे बघून हसायचो ते तुम्हाला नाही. तुम्ही नकाशा उलटा न धरता वाचता याचं त्यांना नवल वाटायचं, त्याचं हसू यायचं. तुमच्या शब्दावर माझा विश्वास नाही असं कृपा करून समजू नका. दुसरं काहीही समजा.

तुमचा धाकटा

७ डिसेंबर

वहिनी,

तुम्ही तीन तारखेला आलात, दोन दिवस राहिलात, आणि आपण एक शब्द बोललो नाही. ढिगाऱ्यापाशी तुम्ही खाली बसलात, तुटलेल्या कॉलममधून एक रिंग ओढून काढलीत, तिचं टोक बोटानं चाचपलंत आणि माझ्याकडे बघितलंत. मी मान फिरवली. तुम्हाला तिथेच कळलं. तरीही मला माझ्या हातानं लिहिलं पाहिजे.

आधी दोन तारखेचं सांगतो, कारण तेवढंच मी धड पाहिलं. दुपारचे सव्वातीन. मी मैदानाच्या फाटकापाशी होतो. धक्का पहिल्याच्या निम्मासुद्धा नसेल. लोक धावलेसुद्धा नाहीत. मग आपली इमारत खाली बसली. वरचे तीन मजले होते तसे, खिडक्यांतल्या कपड्यांसकट, आणि तळमजला नाही. सुताराचा पाय मोडला, वरच्या दोन बायकांना टाके पडले, बाकी सगळे शिडीनं उतरवले. घड्याळवाले दुकानात होते. त्यांची बायको आमच्या तंबूत आली होती, आईची छाती शेकायला. म्हणून ती आहे.

आता हूक. खालच्या कॉलमचं स्टील बांधायला घेतलं तेव्हा दादा हॉस्पिटलात होता. फिटर म्हणाला, हूक आत वळवायचे तर दोन दिवस जास्त लागतील, आणि काँक्रीट दाबायची सुई मध्ये अडकते, पोकळ्या राहतात. मिक्सर दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. मला संध्याकाळी दादाजवळ बसायचं होतं. मी म्हटलं, लोखंड तर तेवढंच पडतंय, हूकांचं तोंड कुठं का असेना. बाराही कॉलम तसेच भरले. पुढं पहिल्या मजल्याच्या वेळी तुम्ही आलात, वाळूवर काडीनं रेघा ओढून हूक आत का ते मला समजावलंत. तेव्हा मला कळलं खाली काय झालंय. वरचे सगळे नीट करून घेतले. खालचे फोडू या, असं म्हणायला तोंड उघडलं नाही. दादा जाऊन महिना झाला नव्हता. तुमच्याकडे बघवत नव्हतं आणि वर मी हे सांगू? तेव्हा तसं वाटलं. पुढची चार वर्षं काय वाटत होतं ते विचारू नका, खाई त्याला खवखवे.

वेगळ्या पानावर लिहितो, कारण हे सगळ्यात वाईट आहे.

मी आईला आत का जाऊ दिलं नाही ते तुम्ही ओळखलंच असेल. डॉक्टर वगैरे कोणी नव्हता. आईला कुणी तपासलं नाही. मी स्वतःला सांगत होतो की काही होणार नाही, चार वर्षं उभी आहे, मोठा धक्का सोसला, वहिनींनी हिरवा दिला. आणि तरी आई गाठोडं उचलायला लागली की मी ते तिच्या हातून काढून घ्यायचो. आईच्या बाबतीत मला खात्री होती की इमारत पडेल. घड्याळवाल्यांच्या बाबतीत वाटायचं की नाही पडणार. एकाच तळमजल्यावरची दोन माणसं, मध्ये एक भिंत. मी माझी आई बाहेर काढली आणि त्यांना तुमचा कागद वाचून आत घातलं. त्यांनी मला तोंडावर विचारलं होतं. त्या वेळी "नाहीत" एवढंच म्हणायचं होतं.

आईला अजून यातलं काही माहीत नाही. ती सगळ्यांना सांगते, माझ्या मुलानं हट्ट केला म्हणून मी वाचले.

धाकटा

१२ डिसेंबर

भाऊजी,

तुमच्यावर तोंडसुख घ्यायला बसले होते. दोन कागद लिहिले आणि फाडले. घड्याळवाल्यांच्या बायकोचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही आणि तुमचाही हलत नाही. तुम्हाला क्षमा वगैरे करण्याइतकी मोठी मी नाही, आणि तसा अधिकारही माझ्याकडे नाही. का ते सांगते.

दहा नोव्हेंबरला तुम्ही विचारलं होतंत, आत काय आहे ते कसं कळतं, फोडून बघता का. मी त्या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. तुमच्या भीतीवर पानभर लिहिलं, पण त्यावर एक ओळ नाही. उत्तर एवढंच होतं की मी फोडून बघितलं नाही. माझ्यासोबत एक ज्येष्ठ इंजिनिअर होते. भेगा बघून ते म्हणाले, पिवळा लावू, दोन कॉलमची साल काढून रिंगा बघू, एका सकाळचं काम आहे. मी म्हटलं, "ड्रॉइंग माझं आहे, आत काय आहे मला माहीत आहे." ते म्हणाले, म्हणूनच तुम्ही बाजूला व्हा. आमच्यात नियमच आहे, स्वतःच्या इमारतीला स्वतः कागद लावायचा नाही. मी झाले नाही. मला तो हिरवा माझ्या हातानं लावायचा होता, दादांसाठी म्हणा, मिरवायला म्हणा. आणि पहिल्या पत्रात तुम्हाला तेच अभिमानानं लिहिलं.

अजून आहे. कॉलम भरायच्या आदल्या दिवशी तुम्ही हॉस्पिटलात आला होतात, स्टील तपासल्याचा कागद घेऊन. तुम्ही म्हणालात, "वहिनी, बघायला येता का, रिक्षा खाली उभी आहे." मी यांच्या उशाशी बसले होते. म्हटलं, "तुम्ही बघितलंत ना?" तुम्ही काही बोलला नाहीत. मी मांडीवर कागद ठेवून सही केली. तुमचं गप्प बसणं मी त्या दिवशीही ऐकलं होतं, भाऊजी. ऐकून सही केली. रिक्षानं वीस मिनिटांचा रस्ता होता.

आणि रविवारी आईंना मी त्या घरात पाठवत होते. तुम्ही खोटं बोलला नसतात तर मी त्यांना मारलं असतं. हे मला कुणाला सांगता येत नाही आणि गिळताही येत नाही.

चौकशी समितीपुढे माझं म्हणणं मी काल लिहून दिलं. सही, हिरवा कागद, ज्येष्ठांचं न ऐकणं, सगळं. परवाना जाईल, जाऊ दे. तुमच्या पत्रातलं हूकांबद्दलचं, "बाराही कॉलम तसेच भरले" इथपर्यंतच, मी उतरवून त्यांना दिलं आहे. तुम्हाला विचारलं नाही, कळवते आहे. तुम्हालाही बोलावतील.

पण वेगळ्या पानावर जे लिहिलंत ते मी दिलेलं नाही. ते या पाकिटात परत पाठवते. हूक चुकले ही चूक धरतील, तीत तुमच्याबरोबर मी आहे, फिटर आहे. पण माहीत असून माणसांना आत राहू दिलं, हे त्या पानावरून सिद्ध होतं, आणि त्याला शिक्षा वेगळी आहे. आईंना आता एकच मुलगा उरला आहे. ते पान फाडा, जाळा, काय वाटेल ते करा. मी ते वाचलं नाही असं समजेन. आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून काहीतरी लपवते आहे, तेही तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी.

वहिनी

२० डिसेंबर

वहिनी, नमस्कार.

पान मिळालं. दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. फाडायला म्हणून तीनदा काढलं.

मग आईला सांगितलं. तुम्ही म्हणाल, का? मी आईजवळ बसलो होतो आणि घड्याळवाल्या काकू आल्या. नवरा जाऊन पंधरा दिवस झालेली बाई, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून आईला म्हणाल्या, "असा मुलगा असावा. ह्याला आतून काहीतरी कळलं असणार बघा." आई हसली. काकू गेल्यावर सगळं सांगितलं, डॉक्टरांपासून हूकांपर्यंत उलटं.

आई ओरडली नाही. मला वाटलं होतं मारेल. तिनं एवढंच विचारलं, "घड्याळवाल्यांनी तुला विचारलं तेव्हा मी कुठं होते?" मी म्हटलं, पुढं, पहिल्या रांगेत. म्हणाली, "म्हणजे मी पण ऐकलं." मग डोक्यावरून पांघरूण घेऊन आडवी झाली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली.

समितीनं सतरा तारखेला बोलावलं. तीन माणसं, एक टायपिस्ट. तुमचं लिहून दिलेलं त्यांच्यापुढे होतंच. हूकांबद्दल विचारलं, मी सांगितलं. मिक्सर, फिटर, दादाचं आजारपण. मधला साहेब जरा हळहळला. म्हणाला, "घरातलं दुखणं असलं की माणसाचं चित्त थाऱ्यावर नसतं." पाणी दिलं. माझी सुटका होत होती, वहिनी, अगदी समोर दिसत होती. मी खिशातून पान काढून टेबलावर ठेवलं.

त्यानं वाचलं. दुसऱ्याला दिलं. दुसऱ्यानं वाचून टायपिस्टला थांबायला सांगितलं आणि मला म्हणाला, "हे दिलंच पाहिजे असं नाही. विचार करा." मी म्हटलं, विचार करूनच आलोय. तिसरा म्हणाला, हे खरं कशावरून? कुणाला वाचवायला तुम्ही सगळं स्वतःवर घेत असाल. तुमच्यावर रोख होता. म्हणून आईला बोलावलं.

मी मनात म्हणत होतो, आता ती सांभाळून घेईल. आई आहे. तिनं नुसतं म्हटलं असतं की मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, तर ते पान म्हणजे दुःखानं डोकं फिरलेल्या माणसाची बडबड ठरली असती. खरं लिहितो, मला तसं हवंही होतं.

आई खुर्चीवर बसली नाही. साहेबानं विचारलं, तुम्हाला डॉक्टरांनी ओलीमुळे घरात राहायला मनाई केली होती का? ती म्हणाली, "मला कुठल्याही डॉक्टरनं बघितलं नाही. त्या घरात ओल नव्हती, माझ्या सुनेनं आखलेलं घर होतं ते. खोकला मला तंबूत लागला. मुलानं मला जाऊ दिलं नाही कारण त्याला माहीत होतं." मग म्हणाली, "शेजाऱ्यांना जाऊ दिलं तेही लिहा." टायपिस्टनं माझ्याकडे बघितलं, मग लिहिलं.

बाहेर आल्यावर मी तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिनं दिली नाही. चालताना म्हणाली, "तू मला जिवंत ठेवलंस, आता त्या बाईसमोर बसायचं कसं तेही सांग." तिनं माझी वाट बघितली नाही, सरळ काकूंच्या तंबूत गेली आणि आत बराच वेळ होती. काय बोलली ते मला कुणी सांगितलेलं नाही. काकूंच्या रडण्याचा आवाज आला, आईचा नाही. संध्याकाळी काकू स्वतः येऊन आईचं अंथरूण घेऊन गेल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

खटला नवीन वर्षात उभा राहील म्हणतात. तोपर्यंत मला इथून हलायची परवानगी नाही. तुम्ही काही करू नका, वकील पाठवू नका.

आई तेव्हापासून तिकडेच असते. सकाळी मी दोघींचं पाणी भरून त्यांच्या दाराशी ठेवतो. आई बाहेर येते, जेवलास का विचारते. मी हो म्हणतो. मग ती बादली उचलून आत जाते.

तुमचा धाकटा